आजोबांना सांगायची चुकीची गोष्ट

शर्टाला इस्त्री करायची तर आधी कॉलर. मग खांद्याची पट्टी, मग कफ, मग बाह्या, आणि सगळ्यात शेवटी पाठ आणि पुढची बाजू. इस्त्रीवाल्या बाईंच्या हाताला हा क्रम इतका मुरला होता की डोकं त्यात लागतच नसे. डोकं मोकळं, म्हणून तोंडही मोकळं. कॉलरीवर वाफ सोडताना गोष्ट सुरू व्हायची, बाह्यांपाशी ती रंगात यायची, आणि शर्ट हँगरवर चढेपर्यंत गोष्टीतल्या माणसाची पुरती फजिती झालेली असायची. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक पिशवी काखेत मारून दाराशीच उभं राही.

"बाई, मग पुढे काय झालं त्याचं?"

"उद्या पँट घेऊन या, सांगते."

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. खिडकीची काच वाफेने सदा धुरकटलेली, त्यामुळे रस्त्यावरून जाणारी माणसं आतून पाहिली की पाण्याखालून चालल्यासारखी वाटत. टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या घड्या, त्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड, आणि त्या कापडावर इतक्या वर्षांच्या उबेने उमटलेला बदामी रंग. कोपऱ्यात चादरींची बोचकी रचलेली. सगळ्यात वरच्या बोचक्यावर, शाळा सुटली की, बाईंची लेक येऊन बसे. तिला घरात मिरी म्हणत. दिसायला एवढीशी, आणि तिखटपणा चावल्यावर कळायचा.

अशी ही बोलकी बाई. पण रविवारची दुपार जवळ आली की तिचा जीव मेटाकुटीला येई. रविवारी दुपारी तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल असायचा.

वडील, म्हणजे अप्पा, समुद्रापलीकडे तिच्या धाकट्या भावाजवळ राहत. इकडे दुपार कलायला लागली की तिकडे घराघरांत दिवे लागलेले असत. भाऊ फोन त्यांच्यासमोर धरी, पण असा वेंधळेपणाने की कधी अप्पांचं अर्धं कपाळ दिसे, कधी नुसता एक कान आणि मागे फिरणारं पंख्याचं पातं.

"जेवलीस?" कपाळ विचारी.

"हो," मिरी म्हणे.

"शाळा?"

"आहे."

"बरं."

मग दोन्ही बाजूंनी शांतता. पंखा तेवढा फिरत राही. मिरी खुर्चीवरून हळूहळू घसरत घसरत टेबलाखाली दिसेनाशी होई आणि बाई एकटीच फोनसमोर उरे. ती हवेचं बोले, भाजीचं बोले, कालच एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात जिवंत गोगलगाय सापडली ते सांगे. अप्पा ऐकून घेत. शेवटी म्हणत, "गोगलगाय कोटात कशी जाईल?" आणि बाईच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

कारण हे आजचं नव्हतं. हा जन्मभराचा छळ होता.

अप्पांनी सारी नोकरी वजनकाटे तपासण्यात घालवली होती. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपली मापं ठेवायची, सुई जागची केसभर जरी सरकलेली दिसली तरी काटा उघडून दुरुस्त करायचा, आणि दुकानदाराने मुद्दाम बिघडवलेला निघाला तर सील ठोकून बंद करायचा. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत आणि ते येताना दिसले की भले भले सरळ बसत. पण काम संपवून घरी आले तरी हा माणूस काटा खाली ठेवत नसे. बाई तेव्हा मिरीएवढी होती. शाळेतून धावत यायची, दप्तर भिरकावायची.

"अप्पा, अप्पा, आज वर्गात हत्तीएवढा उंदीर निघाला!"

अप्पा चष्मा काढत. "हत्तीएवढा?"

"म्हणजे... खूप मोठा."

"ओंजळीत मावला असता का?"

"...हो."

"मग ओंजळीएवढा म्हणावं."

ओंजळीएवढ्या उंदराची गोष्ट कोण ऐकणार? फुग्याला टाचणी लागावी तशी ती बसल्या जागी बसे. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, लेकरू आहे ते, सांगू द्या की!" अप्पा म्हणत, "मी कुठे अडवलंय? सांगू दे. खरं सांगू दे." शेवटी बाईने घरात सांगणं सोडलं आणि बाहेर सांगायला सुरुवात केली. शेजारणी, मैत्रिणी, पुढे नवरा, पुढे हे दुकान. तिच्या गोष्टींतले उंदीर हत्तीएवढेच राहिले, काही तर त्याहूनही वाढले. वडिलांवरच्या रागाने माणूस काय काय शिकतो! ती गोष्टी सांगायला शिकली.

एका सकाळी दुकान उघडता उघडताच भावाचा फोन आला.

"ताई, एक सांगू? चिडू नकोस. अप्पा म्हणतात, आता रविवारी फोनवर बसायचं नाही."

"का? काय झालं?"

"म्हणतात, त्या पोरीला माझ्याशी बोलायचं नसतं आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. दोघांनाही कशाला शिक्षा?"

"आणि तू हो म्हणालास?"

"मी काय म्हणणार! माझ्याशी तरी कुठे बोलतात? आई गेल्यापासून दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. आपण विचारलं तर हं, नाही विचारलं तर तेही नाही. एवढा रविवारचा फोन असतो म्हणून आठवड्यातून एकदा दाढी तरी करतात."

बाईने इस्त्री आडवीची उभी केली. अप्पा असे, अप्पा तसे, हे सगळं खरं. पण खिडकीपाशी बसून दाढी वाढू देणारे अप्पा तिच्या डोळ्यांसमोर येईनात. आणि दुसरीकडे मिरी. मिरीसाठी अप्पा म्हणजे एक कपाळ. हे कपाळसुद्धा गेलं तर उद्या तिला आजोबा होते असं कुणी सांगितलं तरी तिला ते खरं वाटणार नाही.

"त्यांना म्हणावं, थोडे रविवार थांबा. मी बघते."

"काय बघणार आहेस?"

"ते मला ठाऊक असतं तर आत्ता बघितलं नसतं का? ठेव फोन. कॉलर जळेल माझी."

तिला एकच गोष्ट येत होती, ती तिने केली. त्या संध्याकाळी मिरी बोचक्यावर चढली तेव्हा बाईने एक शर्ट पसरला आणि विचारलं, "तुझ्या आजोबांनी एका व्यापाऱ्याला त्याच्याच काट्यावर बसवलं होतं, ते सांगितलंय का तुला कधी?"

"त्या आजोबांनी? कपाळवाल्या?"

"त्याच. ऐक."

आणि कॉलरीपासून गोष्ट सुरू झाली. बाजारात एक धान्याचा व्यापारी होता, पोट असं की आधी पोट दुकानात शिरायचं आणि बऱ्याच वेळाने तो. हा म्हणाला, माझा काटा चोख आहे, तपासायची गरज नाही. आजोबा म्हणाले, मग तुम्हीच बसा. बसला. मग आजोबांनी त्याच्या बायकोला बसायला सांगितलं, ती अगदी काडीपैलवान. आणि काट्यावर बायको भरली जास्त, नवरा कमी! सगळा बाजार पोट धरधरून हसला. व्यापाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही, पोत्यांच्या मागे जाऊन बसला.

मिरी हसता हसता बोचक्यावरून खाली आली. "आपल्या आजोबांनी? खरंच?"

"मग! तुला काय वाटलं?"

रविवारी बाईने मिरीला फोनसमोर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. दोन प्रश्न झाले. तिसरा येणार नाही हे दोघींना माहीत होतं. मिरीने घाईघाईने गोष्ट सांगितली. व्यापारी, पोट, बायको, हसणारा बाजार. बाईने श्वास रोखून कपाळाकडे पाहिलं.

"चूक," कपाळ म्हणालं.

बाईने डोळे मिटले.

"बायको नव्हे, मेहुणा होता. आणि बसवलं नव्हतं, उभं केलं होतं. बसायचा काटा नव्हताच तो. आणि कुणी हसलं नाही."

"कुणीच नाही?" मिरीने विचारलं.

"हसण्यासारखं काय त्यात? काटा खोटा होता. माणसं गप्प उभी होती. ज्यांनी सकाळी त्याच्याकडून धान्य घेतलं होतं ती तर हिशेब करत होती की आपल्याला किती कमी मिळालं. त्यातला एक म्हातारा..."

"अप्पा!" बाईला राहवेना. "पोरीने एवढ्या हौसेने सांगितलं, आणि तुम्ही पहिला शब्द कोणता काढलात? चूक! शाब्बास म्हणायला काही तोंड दुखतं का?"

पंखा फिरला. "बरं," अप्पा म्हणाले, आणि फोन संपला.

मिरी आईकडे वळली. तिच्या कपाळावर आठी होती. "आई, तू मध्ये का बोललीस? त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"मला काय माहीत! मी तुझीच बाजू घेत होते, आणि वर मलाच विचारतेस?"

पुढच्या रविवारी मिरीने दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकताना बाईचा संताप उकळत गेला. तिने नीट सांगितलं होतं की अप्पा सायकलवरून बाजारात जात आणि मापांची लोखंडी पेटी मागे बांधत. मिरी फोनवर म्हणाली, आजोबा घोड्यावरून जायचे. पेटी चांदीची होती. आणि आजोबांना वाटेत नदी लागायची, ती ते पोहून जायचे. घोड्यासकट.

"घोडा?" कपाळ थोडं खाली आलं, भुवया दिसल्या. "घोडा कुणी सांगितला तुला?"

"आईने."

"मी?" बाई मागून किंचाळली. "मी कधी घोडा म्हटलं गं?"

तोवर अप्पा सुरू झाले होते. सायकल कोणत्या रंगाची, तिची घंटा का वाजत नसे, पेटी बांधायला दोरी नव्हे तर जुनी सायकलची ट्यूब कशी वापरत, नदी नव्हतीच, ओढा होता आणि त्यावर पूल होता. बाईला ते ऐकू येत नव्हतं. तिला एकच दिसत होतं: आपली लेक आपल्या गोष्टीची पार चिंधी करतेय आणि वडिलांच्या नजरेत पुन्हा आपणच खोट्या ठरलोय. चाळिशी ओलांडली तरी ओंजळीएवढा उंदीर काही पाठ सोडत नव्हता.

फोन झाल्यावर तिने मिरीला फैलावर घेतलं. "कान कुठे असतात तुझे? मी घसा फोडून सांगते आणि तू घोडे काय घुसडतेस?"

"मजा आली."

"तुला मजा आली. अप्पांना वाटलं असेल, मी पोरीला काहीबाही शिकवतेय."

मिरीचे बाबा दारात बूट काढत होते. ते बस चालवत आणि रविवारीही अर्धा दिवस बाहेर असत. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "पोरगी तुझ्यावर गेलीय. तू परवा शेजारच्या मांजरीला बिबट्या केलंस."

"तुम्ही बूट काढा," बाई म्हणाली. "तेवढंच करा."

मग तिने ठरवलं की आता पोरीच्या तोंडून एक शब्द चुकीचा जाऊ द्यायचा नाही. भावाला फोन लावला आणि तासभर खणत बसली. त्या वर्षी अप्पांची बदली कुठे होती? कोळशाच्या वखारीतल्या काट्याचं प्रकरण नेमकं काय? भाऊ वैतागला. "ताई, तू गोष्ट सांगतेस की चौकशी बसवतेस?" पण तिने सगळं गोळा केलं आणि आठवडाभर दुकानात मिरीकडून घोकून घेतलं. कॉलर आली की वखार, कफ आले की काटा, बाह्यांपाशी मालक. गिऱ्हाइकं दाराशी थांबत आणि थोड्या वेळाने कंटाळून निघून जात, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"आई, इतकं बरोबर कशाला?" मिरीने विचारलं.

"मी सांगते तसं म्हण. परत एकदा. वखार कुणाची?"

रविवारी मिरीने गोष्ट सांगितली. घडाघडा, पाठ केलेल्या कवितेसारखी. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वखार बरोबर, मालक बरोबर, काट्याची मोडलेली कडीसुद्धा बरोबर. बाई मागे उभी राहून ओठ हलवत होती.

गोष्ट संपली.

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

सगळ्या जन्मात अप्पांनी हा शब्द तिच्या घरातल्या कुणाला दिला नव्हता. बाईचा ऊर भरून आला. ती पुढे वाकली, आता काहीतरी होईल म्हणून.

पंखा फिरत होता. अप्पांचा कान दिसत होता. मिरीच्या पायाचा टेबलाला ठोका पडत होता, टक, टक, टक.

"बरं," अप्पा म्हणाले. "ठेवू?"

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, आज काय केलंत तुम्ही? गेल्या रविवारी फोन संपल्यावरसुद्धा अप्पा बोलत होते. मला बसवून ती सायकल समजावून सांगितली, कधी नव्हे ते दोनदा चहा मागितला. आज पुन्हा खिडकीशी. म्हणाले, पोरीला सगळं येतंय, माझं काही काम नाही. पुढचा रविवार शेवटचा, असं सांग तुझ्या बहिणीला."

बाईने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसली. मिरी समोर उभी होती, हाताची घडी घालून, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी.

"बघितलंस? तू सगळंच बरोबर सांगायला लावलंस. मग त्यांनी काय बोलायचं?"

बाईने कपाळावरचा हात खाली घेतला.

"त्यांना नुसतं विचारलं तर ते हं म्हणतात," मिरी म्हणाली. "चुकीचं सांगितलं की बोलतात. खूप बोलतात. मी पहिल्याच वेळी बघितलं होतं. तू मध्ये ओरडलीस म्हणून, नाहीतर त्या म्हाताऱ्याचंपण सांगितलं असतं त्यांनी."

"म्हणजे तो घोडा तू..."

"मुद्दाम घातला. नदी लागू पडेल की नाही माहीत नव्हतं, पण पडली."

हसावं की दोन धपाटे घालावेत, बाईला कळेना. इतकी वर्षं त्या घरात काढली, 'चूक' या एका शब्दाने रडली, त्या शब्दापायी घर सोडून रस्त्यावरच्या लोकांना गोष्टी सांगितल्या. आणि ही एवढीशी पोर, जिने आजोबांचं आख्खं तोंडही धड पाहिलं नाही, तिने दुसऱ्या रविवारीच कुलूप उघडलं! रागच आला तिला. स्वतःचा, अप्पांचा, पोरीचा, सगळ्यांचा मिळून एकच राग.

"या वेळी काय सांगणार आहेस?"

"ते नाही सांगणार. तू बरोबर करशील."

शेवटच्या म्हटलेल्या रविवारी अप्पा बसले. दाढी केलेली नव्हती; हनुवटीचा पांढरा खरखरीत तुकडा क्षणभर दिसला आणि पुन्हा कपाळ आलं.

"जेवलीस?"

मिरीने उत्तरच दिलं नाही. "आजोबा, आई लहान असताना तुम्ही तिला बाजारात काट्यावर विसरून घरी आला होतात ना?"

मागे बाईच्या हातातला पेला तसाच राहिला. गोष्ट तिचीच होती, तिनेच सांगितलेली: एकदा अप्पांनी तिला कामावर नेलं, ती पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर झोपली आणि अप्पांनी तिला उचलून घरी आणलं. जागी झाली तेव्हा घरच्या अंथरुणात होती. एवढंच. विसरायचं त्यात नावही नव्हतं.

पलीकडे काहीतरी खडखडलं. चित्र गरगरलं, छत, खिडकी, भावाचा अंगठा, आणि मग पहिल्यांदाच अख्खे अप्पा दिसले. त्यांनी फोन भावाच्या हातून ओढून घेतला होता.

"विसरलो? मी? कोण म्हणतं?"

"आई."

बाईने तोंड उघडलं. मिरीने खुर्चीखालून पाय मागे नेऊन तिच्या पायावर दिला. बाईने तोंड मिटलं.

"आण तिला इकडे. नको, राहू दे, तूच ऐक. विसरलो नव्हतो. उचललं पण नाही, म्हणजे लगेच नाही. गोदामात ऊन यायचं दुपारचं, त्यात ती काट्याच्या पत्र्यावर आडवी झाली आणि झोपली. मी दोनदा हाक मारली. उठेना. इतकी गाढ झोप मी कुणाची पाहिली नाही. बाहेर गाड्या उभ्या, पोती उतरायची, हमाल खोळंबलेले. व्यापारी आला, म्हणाला, काटेवाले, पोरीला उचला. मी म्हटलं, तपासणी चालू आहे."

"चालू होती?" मिरीने विचारलं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नव्हती. तपासणी केव्हाच झाली होती."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"ती उठेपर्यंत काट्याला कुणी हात लावायचा नाही, एवढंच मी म्हटलं. व्यापाऱ्याने आरडाओरडा केला. वरच्या साहेबाकडे जाईन म्हणाला. मी म्हटलं, जा. मी तिथेच पोत्यावर बसून राहिलो. ऊन गेलं तेव्हा मग उचललं, तरी उठली नाही. गालावर पत्र्याची जाळी उमटली होती, चौकटी चौकटी. अठरा किलो दोनशे ग्रॅम भरली होती. बुटांसकट."

"बूट काढायचे ना मग!"

"काढले असते तर जागी झाली असती."

कुणी बाईच्या पायावर पाय दिला असता तरी ती आता थांबली नसती. तिने फोन मिरीच्या हातातून जवळजवळ हिसकावला.

"अप्पा! हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"काय?"

"हेच! बसून राहिलात ते! भांडलात ते! मी आपली इतकी वर्षं सांगतेय, अप्पांनी उचललं आणि घरी आणलं, झालं!"

"तू म्हणायचीस, अप्पांनी उचलून आणलं. ते बरोबर होतं. त्यात मी काय सांगणार?"

बाईच्या तोंडाशी एकदम किती तरी शब्द आले. उंदरात चूक दिसते, गोगलगायीत चूक दिसते, आणि हा एवढा मोठा प्रसंग बरोबरच्या खाली गाडून ठेवता? माणूस आहात की काय आहात? डोळ्यांत पाणी आलं ते तिने पालथ्या हाताने पुसलं, आणि पुसताना पुन्हा राग आला की पाणी आलंच कशाला.

"तू फोन कशाला घेतलास?" अप्पा म्हणाले. "तिला दे. माझं बोलणं व्हायचंय."

"घ्या! बोला! मी कोण लागते तुमची!"

मंगळवारी दुकान गर्दीत होतं. एका हॉटेलच्या टेबलांच्या चादरी सकाळीच येऊन पडल्या होत्या, दाराशी एक गिऱ्हाईक सूटसाठी घुटमळत होतं, आणि फोन वाजला. भावाच्या नंबरावरून, पण समोर अप्पा. एकटे. फोन त्यांनी स्वतः लावला होता आणि तो हाताच्या अंतरावर सरळ, पाण्याच्या पातळीसारखा धरला होता. दाढी केलेली होती.

"अप्पा? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"मिरी कुठंय?"

"शाळेत! आज मंगळवार आहे, अप्पा. तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय. रविवारी एक चूक झाली माझी. तिला सांगायचीय."

"चूक? तुमची?"

"बुटांसकट म्हणालो ना? एकच बूट होता. दुसरा नव्हता पायात. रात्रभर आठवत होतो, वजन एवढं कमी कसं."

"मग दुसरा कुठे गेला?"

"ते तिला सांगेन."

"अप्पा, बूट माझा होता!"

"म्हणूनच. तुला सांगितलं की तू आज संध्याकाळपर्यंत त्याचा काहीतरी भलताच प्रकार करशील, आणि पोरीच्या कानावर तेच जाईल. शाळा कधी सुटते?"

बाईने दात ओठ खात वेळ सांगितली. अप्पांनी ती दोनदा विचारून घेतली, मग तिकडे तेव्हा किती वाजलेले असतील ते मोठ्याने मोजलं, आणि तिचा निरोप घ्यायलाही न थांबता फोन बंद केला. चादरी पडल्या होत्या, इस्त्री तापली होती, आणि काटेवाल्यांची लेक भर दुकानात एका बुटाचा विचार करत उभी होती. आठवेना. कुठला रंग, कसला बूट, काही काही आठवेना. दाराशी उभ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "बाई, सूट?" तर ती म्हणाली, "एकच होता म्हणे," आणि मग भानावर येऊन हँगर शोधायला लागली.

मिरी दप्तर घेऊन आत शिरली आणि तेवढ्यात फोन वाजला. बाईने घेतला. अप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या खांद्यावरून मागे, बोचक्यांकडे बघत होते.

"आली का?"

"आली, आली. पाणी तरी पिऊ द्या तिला."

मिरी पाणी प्यायली नाही. ती बोचक्यावर चढली, फोन दोन्ही हातांत धरला, आजोबा तोंड उघडणार एवढ्यात स्वतःच म्हणाली, "आजोबा, आईचा दुसरा बूट कुत्र्याने नेला होता ना?"

"कुत्र्याने?" पलीकडून आवाज असा चढला की दारातलं गिऱ्हाईक दचकलं. "तिथे कुत्रा कुठून येईल? गोदामाला दार होतं! नीट ऐक आता..."

"हळू, अप्पा, दुकान आहे हे!" बाई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिने पुढची चादर पसरली, वाफ सोडली, आणि वाफेच्या फुसफुसण्यात बुटाचं काय ते निसटू नये म्हणून इस्त्री पुन्हा उचलून धरली.

"या हो आत," तिने गिऱ्हाइकाला खुणेने सांगितलं. "बसा. पण बोलू नका."